लॉकडाऊनने फ्लूची एक फांदी कायमची तोडली का?

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

परवा सासूबाईंना फ्लूची लस द्यायला नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "तीनवाली देऊ की चारवाली?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीवरचे काका म्हणाले, "चारच द्या हो, एक जास्त असलेली बरी." मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसणं जड गेलं. पण मागे रांग होती, म्हणून तिथे बोलले नाही ते इथे लिहिते.

चारवालीतला चौथा विषाणू म्हणजे इन्फ्लुएन्झा बी/यामागाता. मार्च २०२० नंतर हा विषाणू जगात कुठेही कुणाच्या नाकाघशात खात्रीने सापडलेला नाही. माणसांत दरवर्षी फिरणारे फ्लू तोवर चार होते: ए गटातले एच१एन१ आणि एच३एन२, बी गटातले व्हिक्टोरिया आणि यामागाता. बी गटाच्या या दोन शाखा १९८०च्या दशकात वेगळ्या झाल्या. १९८७ चा एक नमुना ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचा आणि १९८८ चा एक जपानमधल्या यामागाताचा, त्यावरून ही नावं पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की यामागाता आता लसीत ठेवायची गरज उरलेली नाही. अमेरिकेत २०२४-२५ च्या हंगामापासून फ्लूच्या सगळ्या लसी तीन घटकांच्या झाल्या.

आता मुद्दा. लॉकडाऊनमध्ये सर्दी-खोकला-फ्लू कमी झाला हे आपण सगळ्यांनी अनुभवलं. पण विषाणूंची *संख्या* घटणं वेगळं आणि त्यांच्यातलं *वैविध्य* घटणं वेगळं. संख्या घटली तर पुन्हा वाढते. एखादी शाखा मुळासकट गेली, की ती गेली. तेव्हा लोक घरात बसल्यामुळे इतर विषाणूंच्या जनुकीय वैविध्याचं नेमकं काय झालं, याची इथे चर्चा करू.

माझं मत आधीच सांगून टाकते. लॉकडाऊनने विषाणूंमधले "कमकुवत" निवडून मारले, असा समज आहे. मला तो पटत नाही. कोण टिकलं आणि कोण गेलं, यात त्या वेळी कोण कुठे होतं आणि कुणाचं नशीब बरं होतं, याचा वाटा फार मोठा आहे. जाणकारांनी भर घालावी, खोडूनही काढावं.

मिसळप्रेमी

वाचनखूण साठवली. रविवार आहे, आधी मिसळ, मग विषाणू.

शंकासुर_सातपूर

ताई, लेख चांगला आहे, पण मूळ पायाच डळमळीत वाटतो. २०२० मध्ये सगळ्या लॅब कोरोनाच्या मागे होत्या. आमच्या कंपनीत कुणाला शिंक आली तरी स्वॅब कोरोनाचाच. फ्लू कुणी तपासलाच नाही, तर सापडणार कसा? विहिरीत डोकावलंच नाही आणि म्हणायचं पाणी आटलं.

गोदाकाठची

शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर "हो आणि नाही" असं आहे.

नाही अशासाठी, की अनेक देशांत फ्लूच्या चाचण्या चालूच होत्या. दक्षिण गोलार्धाचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत एप्रिल ते जुलै २०२० या त्यांच्या ऐन फ्लूच्या हंगामात ८३,३०७ नमुने तपासले. फ्लू निघाला ५१ जणांत, म्हणजे ०.०६ टक्के. आधीच्या तीन हंगामांत हेच प्रमाण १३.७ टक्के होतं. हे न शोधल्यामुळे झालेलं नाही.

हो अशासाठी, की चाचणी करणं आणि जनुकक्रम काढणं यांत फरक आहे. चाचणीत "फ्लू बी पॉझिटिव्ह" एवढंच कळतं. तो कोणत्या फांदीवरचा आहे, हे कळायला वेगळी पीसीआर किंवा पूर्ण क्रम लागतो. ते काम जिथे आधीच कमी होत होतं, म्हणजे आपल्याकडे आणि आफ्रिकेत, तिथे २०२० मध्ये आणखी कमी झालं. म्हणून "अमुक उपशाखा नाहीशी झाली" असं कुणी म्हटलं की नमुने किती आणि कुठले, हे विचारायलाच हवं. यामागाताच्या बाबतीत मात्र त्यानंतर अनेक वर्षं जगभर मुद्दाम शोध झाला आहे. अधूनमधून ज्या तुरळक नोंदी आल्या, त्या तपासल्यावर नाकातून द्यायच्या जिवंत लसीतला विषाणू निघाला, नाहीतर चाचणीतला गोंधळ निघाला.

बालरोगवाला

ताई म्हणतात ते रिपोर्टबद्दल अगदी खरं. माझ्या टेबलावर जो श्वसनविकारांचा पॅनल रिपोर्ट येतो, त्यात एकाखाली एक नावं असतात: इन्फ्लुएन्झा ए, इन्फ्लुएन्झा बी, आरएसव्ही, र्‍हायनो/एन्टेरो, अ‍ॅडिनो, पॅराइन्फ्लुएन्झा, मेटान्यूमो वगैरे. बी च्या पुढे "डिटेक्टेड" एवढा एकच शब्द. व्हिक्टोरिया की यामागाता, हा रकानाच नसतो. उपचाराला त्याने फरक पडत नाही म्हणून ते ठीकच आहे. पण अख्खी शाखा जगातून गेली, तरी माझ्यासारख्या डॉक्टरला त्याचा पत्ता लागणार नाही.

दुसरं एक निरीक्षण. लॉकडाऊनमध्ये ओपीडीतून सगळंच गेलं नव्हतं. र्‍हायनोव्हायरस टिकून होता. साध्या सर्दीला बहुतेकदा कारण असणाऱ्या या विषाणूचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्याला चरबीचं बाह्यावरण नसतं, त्यामुळे आपण बदाबदा ओतत होतो त्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारशी भीक घालत नाही. हाँगकाँगमध्ये, इंग्लंडमध्ये शाळा उघडल्या आणि मास्क असतानाही पहिली लाट आली ती र्‍हायनोची. फ्लू आणि आरएसव्हीला बाह्यावरण असतं. अर्थात बाह्यावरण हे काही एकमेव कारण नाही, पण कोण तगतो याचा काही अंदाज त्यावरून येतो.

आजीचा_बटवा

सगळं श्रेय मास्क आणि लॉकडाऊनला! त्या काळात घरोघरी सुंठ, तुळस, दालचिनी, मिरे घालून काढा उकळत होता, ते कुणीच बोलत नाही. आमच्या वाड्यात दोन वर्षं कुणाला साधी सर्दी झाली नाही.

गोदाकाठची

काकू, काढा मीही प्यायले आणि अजूनही पिते. पण वर दिलेले आकडे ऑस्ट्रेलिया, चिली आणि दक्षिण आफ्रिकेचे आहेत. तिकडे सुंठ उकळत नव्हती आणि फ्लू तिकडेही नाहीसा झाला. वाड्यात सर्दी झाली नाही, कारण वाड्यात बाहेरचं कुणी आलं नाही.

आजीचा_बटवा

बरं. पण मिरे घालत जा.

निफाडचा_बागायतदार

आमच्याकडे शास्त्र नाही, द्राक्षाची बाग आहे. ताई, तुमचं "नशीब" वाचून गारपीट आठवली. गार पडते तेव्हा एका शिवारात बाग झोडपून काढते आणि बांधापलीकडच्याच्या पानालाही धक्का लागत नाही. वाचलेली बाग काही जास्त ताकदीची नसते. पुढच्या वर्षी गावात काड्या लावायच्या म्हटलं, की वाचलेल्या बागेतल्याच काड्या सगळीकडे जातात. मग बघणाऱ्याला वाटतं, हाच वाण भारी. असंच काही म्हणताय का?

गोदाकाठची

दादा, तुम्ही माझं अर्धं लेक्चर वाचवलंत. अगदी हेच. आणि याचा सगळ्यात ठळक नमुना फ्लूत नाही, आरएसव्हीत सापडतो.

आरएसव्ही म्हणजे लहान बाळांना धाप लावणारा विषाणू. ऑस्ट्रेलियात तो दर हिवाळ्यात येतो. २०२० च्या हिवाळ्यात तो आलाच नाही. मग निर्बंध सैल झाले आणि २०२० च्या अखेरीस, त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, तो उसळला. जनुकक्रम काढले तेव्हा दिसलं, की आधी तिथे एकाच वेळी फिरणाऱ्या कितीतरी शाखा जवळपास पुसल्या गेल्या होत्या आणि उन्हाळ्यातली साथ आरएसव्ही-ए च्या ओएन१ या जनुकप्रकारातल्या मोजक्या नव्या फांद्यांवर चालली होती. याला शास्त्रात बॉटलनेक म्हणतात. त्या फांद्या जास्त घातक किंवा जास्त पसरणाऱ्या होत्या, असं मानायला आधार नव्हता. त्या वाचल्या होत्या, बाकीच्या नव्हत्या.

न्यूझीलंडचं आणखी गमतीदार. २०२० मध्ये तिथे आरएसव्ही ९८ टक्क्यांनी घटला. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाशी विलगीकरणाशिवाय ये-जा सुरू केली आणि जून-जुलैत लहान मुलांचे वॉर्ड भरून वाहू लागले.

आता उलट बाजू. अमेरिकेत २०२२ मध्ये आरएसव्हीची मोठी लाट आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की एखादा नवा, चढेल प्रकार आला असणार. क्रम काढल्यावर निघालं, की लाटेत एकाच वेळी अनेक शाखा आहेत आणि त्या कोरोनाच्या साथीच्या आधीपासूनच्या आहेत. म्हणजे तिथे बॉटलनेक झालाच नाही म्हणा ना. का? कारण त्या देशाची दारं कधी पूर्ण बंद नव्हती आणि आतही सगळीकडे एकसारखे निर्बंध नव्हते. आरएसव्ही कमी झाला, पण इथे थोडा, तिथे थोडा असा धुगधुगत राहिला.

म्हणून "लॉकडाऊनने वैविध्य घटवलं" हे वाक्य सरसकट खरं नाही. ज्यांनी दार घट्ट लावलं, त्यांच्याकडे घटलं. ज्यांनी किलकिलं ठेवलं, त्यांच्याकडे रुग्ण घटले, फांद्या बऱ्याचशा राहिल्या.

पुण्यात_अडकलेला_नाशिककर

धागा आवडला. मी विषाणूंचे वंशवृक्ष काढण्याचं काम करतो, म्हणून थोडी भर.

फ्लूच्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी लागते. आरएसव्हीचा वृक्ष भरगच्च असतो, अनेक फांद्या वर्षानुवर्षं शेजारी नांदतात. एच३एन२ चा वृक्ष तसा नसतो. तो सडपातळ असतो. एक खोड पुढे सरकतं, बाजूच्या फांद्या दोन-चार वर्षांत आपोआप मरतात, कारण लोकांची प्रतिकारशक्ती जुन्या रूपाला ओळखू लागते. त्यामुळे एच३एन२ ची एखादी फांदी २०२० मध्ये मेली, तर लॉकडाऊन नसता तरी ती मेलीच असती का, हा प्रश्न उरतोच.

तरीही एक उदाहरण डोळ्यांत भरतं. एच३एन२ ची ३सी.३ए नावाची शाखा होती. २०१९-२० च्या उत्तर गोलार्धातल्या लसीत एच३एन२ चा घटक म्हणून ए/कॅन्सस/१४/२०१७ घेतला होता, तो याच शाखेतला. म्हणजे ती इतकी जोरात होती, की लस तिच्यावर बेतावी लागली. २०२० नंतर ती शाखा दिसलेली नाही. पुढच्या काळात एच३एन२ ज्या फांद्यांवर चालला, त्यांची नावं बघा: आधी ए/कंबोडिया/२०२०, मग ए/डार्विन/२०२१. लसींचे घटकही त्याच क्रमाने बदलले.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. २०२४ च्या नोव्हेंबरात 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात फ्लूचे जनुकक्रम, रुग्णांची आकडेवारी आणि विमानप्रवासाची माहिती एकत्र करून पाहिलं, की साथीच्या काळात फ्लूचं खोड जगात कुठे जिवंत राहिलं. उत्तर असं: इन्फ्लुएन्झा ए चं खोड दक्षिण आशियात, बी/व्हिक्टोरियाचं पश्चिम आशियात. जग बंद असताना, पुढे जगभर पसरलेल्या ए फ्लूचे पूर्वज आपल्याच भागात नांदत होते.

जय_महाराष्ट्र_४२२

झालं! आता फ्लूचं खापरही आमच्याच डोक्यावर. गोऱ्यांचे अभ्यास असेच असतात.

पुण्यात_अडकलेला_नाशिककर

खापर नाही हो. खोड कुठे राहिलं याचा अर्थ विषाणू कुणी "बनवला" असा होत नाही. दाट वस्ती, मोठी लोकसंख्या आणि वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वेळी येणारा फ्लूचा हंगाम, एवढं असलं की साखळी तुटत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, काश्मीरमध्ये तो थंडीत असतो. एकीकडे विझत आला तरी दुसरीकडे पेटलेला असतो. साथीच्या आधीही एच१एन१ आणि बी गटाचे फ्लू भारतात, चीनमध्ये जास्त काळ स्थानिक पातळीवर टिकतात, हे २०१५ पासून माहीत होतं.

गोदाकाठची

यात मला एक आपलं दृश्य जोडावंसं वाटतं. मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर काय होतं, ते आठवतंय ना? कसारा घाट चढून आलेली माणसं, पाथर्डी फाट्यापासून पुढे ओळीने. डोक्यावर बोचकं, एका हाताला मूल, चपलेचा पट्टा सुतळीने बांधलेला. विल्होळीच्या बाजूला लोक पुरी-भाजी, केळी वाटत होते. पंख्याखाली बसून आपण ज्याला "सगळं बंद" म्हणत होतो, त्याच वेळी लाखो माणसं चालत, ट्रकच्या टपावर बसून, नंतर श्रमिक रेल्वेने उत्तरेकडे जात होती. विमानं बंद होती, पण देशाच्या आत माणसं हलत होती. त्या रस्त्यावर फ्लू फिरत होता असा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसं म्हणायचंही नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या बंद दाराची तुलना आपल्या लॉकडाऊनशी करताना हे डोळ्यांसमोर ठेवावं. कागदावरचा शब्द एकच, वस्तुस्थिती दोन टोकांची.

सिडकोवाला

मग डेंग्यूचं काय? तो काही गेला नाही. आमच्या सिडकोत २०२४ च्या पावसाळ्यात घरटी एक पेशंट होता. लॉकडाऊनमध्ये डासांनाही घरात बसवायला हवं होतं.

बालरोगवाला

डेंग्यूचा डास मुळात घरातच बसलेला असतो. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी. शिंकेतून पसरणाऱ्या आजाराला लोक घरात कोंडले की खीळ बसते, दिवसा घरात चावणाऱ्या डासाची मात्र सोयच होते. देशाचा सरकारी आकडा २०२० मध्ये ४४ हजारांच्या घरात खाली आला आणि २०२१ मध्ये १ लाख ९३ हजारांवर गेला. २०२० मध्ये ताप अंगावर काढणारे किती होते हे आपण पाहिलंच आहे, त्यामुळे ती घट पूर्ण खरी मानू नये. शिवाय डेंग्यूचे चारही प्रकार टिकून आहेत. एकाचा हिशोब मिटला असं काही झालेलं नाही.

आशाताई_मालेगाव

मी आशा आहे, मालेगावात काम करते. इथले बरेच शब्द डोक्यावरून गेले, पण एक विचारायचं आहे. २०२० च्या एप्रिलपासून मालेगाव राज्यभर गाजत होतं. आमचं घरोघरचं लसीकरण त्या काळात विस्कळीत झालं. दारावर गेलं तर लोक दारच उघडायचे नाहीत, वाटायचं उचलून क्वारंटाइनला नेतील. बाळांचे गोवरचे डोस राहिले ते राहिलेच. मग २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला गोवर आला, तसा आमच्याकडेही आला. तुम्ही म्हणता विषाणू कमी झाले. आम्ही तर वाढलेले बघितले.

गोदाकाठची

आशाताई, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. अंगावर पुरळ आलेली मुलं तुम्ही पाहिलीत आणि आम्ही वंशवृक्ष बघतो, तरी दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

गोवराच्या विषाणूचे २४ जनुकप्रकार नोंदवलेले आहेत. २०१८ च्या सुमाराला त्यांतले चार सापडत होते. २०२१ पासून जगात फक्त दोन सापडतात, बी३ आणि डी८. म्हणजे वैविध्य आटलं. पण त्यातलं बरंचसं श्रेय वर्षानुवर्षांच्या लसीकरणाचं आहे, लॉकडाऊन त्याच्या शेवटच्या टप्प्यावर आला. आणि उरलेले दोन प्रकार साथ आणायला पुरेसे असतात, लस न मिळालेली मुलं भेटली की झालं. गोवराची लस सगळ्या प्रकारांवर चालते, त्यामुळे तिथे प्रकार किती उरले यापेक्षा डोस किती राहिले हेच महत्त्वाचं.

पोलिओचंही तसंच झालं. मार्च २०२० मध्ये जगभर पोलिओच्या मोहिमा काही महिने थांबल्या. ज्या देशांत लसीकरण आधीच अपुरं होतं, तिथे तोंडावाटे द्यायच्या लसीतल्याच विषाणूपासून तयार झालेल्या टाइप-२ चे लकवे त्या वर्षी हजारावर गेले. हातांतून, सांडपाण्यातून जाणारा विषाणू, त्याला मास्कचं काय?

बालरोगवाला

+१. आशाताई, राहिलेले एमआरचे (गोवर-रुबेलाचे) डोस पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आताही देता येतात, हे तुम्हाला माहीतच असेल, पण इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

शंकासुर_सातपूर

सगळं वाचलं. आता मूळ प्रश्न पुन्हा विचारतो. नशीबच म्हणायचं, तर यामागाताच का गेला? व्हिक्टोरिया का नाही? दोघे भाऊच ना? इथे तरी "कमकुवत तो मेला" हे मान्य करा.

पुण्यात_अडकलेला_नाशिककर

अर्धं मान्य. यामागाता तसा मंद होता. त्याचं बाह्यरूप व्हिक्टोरियापेक्षा सावकाश बदलायचं, म्हणजे एकदा होऊन गेलेली माणसं त्याला जास्त काळ ओळखून असायची. २०१७-१८ च्या हिवाळ्यात युरोपात त्याने मोठी साथ आणली. त्या वर्षी तीन घटकांच्या लसीत बी चा घटक व्हिक्टोरिया होता, त्यामुळे त्याला रानच मोकळं मिळालं. पण एवढ्या लोकांना होऊन गेल्यावर पुढची काही वर्षं त्याला नवी माणसं मिळणं अवघड झालं.

आता वेळ बघा. २०१९-२० चा हंगाम आला तेव्हा व्हिक्टोरिया जोरात होता, अमेरिकेत मुलांमध्ये तोच पसरला होता. यामागाता तेव्हा ओहोटीला लागलेला, थोड्या ठिकाणी, थोड्या माणसांत. नेमक्या त्याच वेळी मार्च २०२० उजाडला. कोरोनाची साथ २०१८ च्या जानेवारीत आली असती तर कदाचित आज आपण "व्हिक्टोरिया कुठे गेला?" असा धागा वाचत असतो. म्हणून मंदपणाला अर्धे गुण, वेळेला अर्धे.

निफाडचा_बागायतदार

म्हणजे गार पडली तेव्हा त्याची छाटणी नुकतीच झालेली. समजलं.

शंकासुर_सातपूर

ठीक. पण मग प्रकार कमी झाले, तर आजार कमी व्हायला हवा होता. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ ने आमची अर्धी शिफ्ट आडवी केली होती.

गोदाकाठची

कमी फांद्या म्हणजे कमी रुग्ण, असं गणित नसतंच. दोन-तीन हंगाम लोकांना फ्लू झाला नाही, म्हणजे तेवढी प्रतिकारशक्ती ताजी झाली नाही. शिवाय त्या काळात जन्मलेल्या मुलांनी तो विषाणू पाहिलाच नव्हता. मग एकाच फांदीला मोकळं मैदान मिळालं. वर उल्लेख केलेल्या अभ्यासातच हेही आहे, की विमानप्रवास सावरल्यावर, साधारण तीन वर्षांत, फ्लूची एका खंडातून दुसऱ्या खंडात होणारी ये-जा पूर्वपदावर आली. अपवाद फक्त यामागाताचा. बाकीच्या फ्लूंना नवीन फांद्याही फुटू लागल्या, कारण फ्लू चुका करत करतच वाढतो. मेलेली फांदी मात्र परत येत नाही, तिच्या जागी दुसरीच येते.

मिसळप्रेमी

मिसळ झाली, धागाही वाचून झाला. एक भाबडा प्रश्न: आता सिंहस्थ येतोय. देशभरातून, जगभरातून माणसं रामकुंडावर. म्हणजे जगातल्या सगळ्या फांद्या नाशकात एकत्र?

पुण्यात_अडकलेला_नाशिककर

प्रश्न भाबडा नाही. गर्दीत विषाणूंची देवाणघेवाण होते, हे हजच्या यात्रेकरूंवरच्या अभ्यासांतून माहीत आहे. माझी इच्छा विचाराल तर साधुग्राम आणि तपोवनाच्या सांडपाण्याचे नमुने मेळ्याच्या आधी, मध्ये आणि नंतर घ्यावेत. कोरोनाच्या काळात सांडपाणी तपासण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्यापैकी रुळली. पुण्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे, नाशकातच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. अडचण एवढीच, की सांडपाण्यात लाखो माणसांच्या विषाणूंचे तुकडे मिसळलेले असतात. कोणता तुकडा कोणत्या फांदीचा, हे सोडवणं कटकटीचं. त्यामुळे त्याच्या जोडीला मेळ्यातल्या दवाखान्यांतले थोडे स्वॅब हवेतच.

जय_महाराष्ट्र_४२२

हे मात्र पटलं. आधी रस्त्यांचे खड्डे बुजवा, मग स्वॅब.

सिडकोवाला

यामागाता परत येऊ शकतो का? कायमचा गेला हे कसं म्हणता?

पुण्यात_अडकलेला_नाशिककर

निसर्गातून परतण्याची शक्यता दर वर्षागणिक कमी होतेय. पण फ्रीजरमधून परतण्याचे दाखले आहेत. १९५७ मध्ये एच२एन२ आला आणि आधीचा एच१एन१ माणसांतून नाहीसा झाला. १९७७ मध्ये एच१एन१ अचानक परत आला आणि त्याचा क्रम १९५०च्या दशकातल्या विषाणूशी इतका जुळत होता, की तो इतकी वर्षं निसर्गात फिरत होता हे पटणंच अशक्य. कुठल्यातरी प्रयोगशाळेतून किंवा लसीच्या चाचणीतून सुटला असावा, असं बहुतेकांना वाटतं. एच२एन२ स्वतः १९६८ मध्ये गेला. तरी २००५ मध्ये लक्षात आलं, की प्रयोगशाळांच्या परीक्षणासाठी पाठवलेल्या संचांमधून तोच विषाणू जगभरातल्या हजारो लॅबमध्ये पोहोचला आहे. धावपळ करून ते नमुने नष्ट करावे लागले. यामागाताचे नमुनेही कितीतरी फ्रीजरमध्ये आहेत. २०२० नंतर जन्मलेल्या मुलांची त्याच्याशी गाठच पडलेली नाही, आणि लसीतूनही तो निघाला की तीही ओळख राहणार नाही. म्हणून लसीतून काढायचा, तर फ्रीजरमधल्या नमुन्यांची शिस्तही वाढवायला हवी, असं माझं मत.

शंकासुर_सातपूर

आणि प्राण्यांत लपून बसला असेल तर? बर्ड फ्लूसारखा?

गोदाकाठची

ए गटाला बदकं, डुकरं, घोडे असे कितीतरी आसरे आहेत, बी गटाला माणसाखेरीज जवळपास नाही. एक अपवाद नोंदलेला आहे: १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये एका आजारी सीलमध्ये फ्लू बी सापडला आणि तो चार-पाच वर्षांपूर्वी माणसांत फिरणाऱ्या विषाणूशी जुळत होता.

मिसळप्रेमी

गोदावरीत सील नाहीत. पानवेली आहेत.